संत्र्याच्या पेटीवरची मुलगी

करारनामा नऊ पानांचा होता आणि माझी सही फक्त शेवटच्या पानावर हवी होती. समितीच्या बाईंनी सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवली होती. पस्तीस वर्षं त्या शाळेत शिकवत होत्या; पालकांनी प्रगतिपुस्तकावर भलतीकडे सही करू नये म्हणून अशाच फुल्या मारायच्या.

"नीट वाच," त्या म्हणाल्या. "उद्या म्हणशील, बाईंनी घाईघाईत सही घेतली."

आम्ही संत्र्यांच्या जुन्या पॅकिंग शेडच्या ऑफिसात बसलो होतो. ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यात फळ्या ठोकून केलेली खोली, वरच्या अर्ध्या भागाला काच. काचेतून बाहेरची लांबलचक टेबलं दिसत होती. एके काळी त्यांच्यावरून कॅनव्हासच्या पट्ट्यावर संत्री सरकत जायची आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायका ती निवडायच्या. आता पट्टा नव्हता, आणि टेबलांची कबुतरांनी पार रया घालवली होती.

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. त्यांच्या हातची, संत्र्यांच्या पेट्यांवर चिकटवायची चौदा लेबलं, एका हंगामाचं एक, बाईंनी प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून टेबलावर ओळीनं मांडली होती. गडद निळी पार्श्वभूमी, वरून झुकलेली फांदी, बागेच्या नावाची पिवळी अक्षरं आणि मधोमध खांद्यांपर्यंत दिसणारी एक मुलगी. उजव्या तळहातावर संत्रं धरून ती सरळ आपल्याकडे बघते. पहिल्या लेबलावर आठ-नऊ वर्षांची दिसते, शेवटच्यावर चांगली बाई झालेली आहे. फांदी तीच, अक्षरं तीच, संत्रंसुद्धा तेच. चौदा वर्षांत फक्त मुलगी वाढली.

ती मुलगी मी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेत मला नावानं हाक मारणारं कोणी नव्हतं. 'ए लेबल, चिकटून बसू नकोस, सरक.' माझ्या लग्नात नवऱ्याच्या मित्रांनी त्याला विचारलं होतं, पेटीपण मिळाली का रे बरोबर? अजूनही बाजारात म्हातारी माणसं 'काय लेबलवाली' म्हणून थांबवतात आणि मी थांबते.

करार साधा होता. बिस्किटांचे डबे, वह्या, पिशव्या बनवणारी एक कंपनी दहा वर्षं ही लेबलं छापणार. चित्रांची मालकी आमच्याकडेच राहणार, त्यांना फक्त छापायची परवानगी. बदल्यात दर वर्षीचा वाटा समितीला, आणि त्यातून या शेडचं छप्पर दुरुस्त होऊन इथं संग्रहालय होणार. नगरपालिकेनं सांगून ठेवलं होतं, महिनाअखेरपर्यंत इमारत कशी सांभाळणार ते दाखवा, नाहीतर पाडून ट्रकांसाठी मोकळी जागा करू. महिना संपायला आठ दिवस होते. बाई दोन मिनिटांत पाच वेळा 'वारसा' म्हणत आणि दर वेळी वर बघत, कारण वारसा गळत होता.

"पाचवं कलम बघ. मूळ मुलगी हयात आहे, हेच तर त्यांना आवडलंय. संत्र्यांबरोबर वाढलेली मुलगी! डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तुझा फोटो छापणार आहेत."

"माझा फोटो बघून कोणी बिस्किटाला हात लावणार नाही."

"गप गं. बासष्टाव्या वर्षी मॉडेल झालीस, नशीब लागतं त्याला."

नवव्या पानावर टाइप केलेलं होतं: चित्रातील व्यक्तीचे नाव, पुढे माझं नाव. सही करणाऱ्याचे तिच्याशी नाते, पुढे 'स्वतः'. मी पेन उघडलं.

"थांब, एक राहिलं," बाई म्हणाल्या. "कंपनीच्या माणसानं एक शंका काढलीय. तुझा लहानपणीचा फोटो पाठवला होता ना आपण? त्यात तुझा भांग डावीकडे आहे. चौदाही लेबलांवर उजवीकडे. ते म्हणतात, एवढं स्पष्ट करा."

याचं उत्तर मी आयुष्यभर देत आले होते. माझ्या डोक्यात डावीकडे भोवरा आहे, भांग दुसरीकडे पडूच शकत नाही. पण बाबा ज्या छापखान्यात चित्रकार होते तिथं चित्र दगडावर काढत. गुळगुळीत घासलेल्या जाड दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगडावर शाई फिरवायची, वर कागद दाबायचा. कागदावर उमटताना डाव्याचं उजवं होतं. म्हणून भांग फिरला.

"मग तेवढं छापखान्यातल्या कोणाकडून तरी लिहून आण," बाई म्हणाल्या. "म्हणजे त्यांचं तोंड बंद. शुक्रवारी सही करू."

छापखान्यातलं आता एकच माणूस उरलं होतं.

मशीनकाकांनी चाळीस वर्षं छापखान्यातलं मोठं मशीन चालवलं आणि त्यात डावा कान गमावला. सुनेनं दार उघडलं आणि हळूच सांगितलं, "उजव्या बाजूला बसा, तिकडून ऐकू येतं. आणि तब्येत विचारू नका, तासभर सांगतील."

"बापासारखी दिसायला लागलीस," काका म्हणाले. "वाईट दिसतेस असं नाही म्हणत."

मी घरून चार ओळी लिहूनच नेल्या होत्या, खाली सहीची जागा सोडून. त्यांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला, मग जवळ आणला.

"हे कोणी सांगितलं तुला?"

मला आठवावं लागलं. बाबांनी सांगितलेलं नव्हतं. दुसरीत एका मुलीनं लेबल माझ्या तोंडाजवळ धरून म्हटलं होतं, ही तू नाहीसच, हिचा भांग बघ. मी तिथल्या तिथं उत्तर जुळवलं, आणि घरी येऊन बाबांना विचारलं, "दगडावर उलटं निघतं, म्हणून ना?" ते ब्रश धूत होते. "हं," म्हणाले. तेवढंच.

"अगं वेडे, दगडावर उलटं काढतात ते कागदावर सुलटं यावं म्हणून. आरसा समोर ठेवून काढायचा तुझा बाप. अक्षरं कधी उलटी आली?"

"नाही."

"संत्रं कुठल्या हातात धरायचीस?"

"उजव्या."

"आणि लेबलावर?"

पिशवीत बाईंकडून मागून आणलेली चौदाही लेबलं होती, पण काढायची गरज नव्हती. "उजव्या."

"मग हात सुलटा आणि भांग तेवढा उलटा? अर्धाच दगड फिरवला होय त्यानं?" ते मोठ्यानं हसले. मग माझ्याकडे बघून थांबले.

सून चहा ठेवून गेली. काकांनी कप उचलला आणि न पिता परत ठेवला.

"तुला घरी कोणी सांगितलं नाही कधी?"

"काय?"

"थोरली यायची ना बापाचा डबा घेऊन. कागदाच्या गठ्ठ्यांवर चढून बसायची. भांग असा, इथं." त्यांनी आपल्या टकलावर उजवीकडे बोट ओढलं. "ती गेली, त्यानंतर दोन वर्षांनी पहिलं लेबल निघालं. पहिला कागद मीच उचलला आणि मशीन थांबवलं. मालक वरून ओरडला, काय झालं? मी म्हटलं, शाई पातळ आहे."

माझ्याआधी घरात एक मुलगी होती. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी तीन वर्षांची असताना ती तापानं गेली, तेव्हा सात वर्षांची होती. मला तिचं काहीही आठवत नाही. मी तिला ताई म्हणायचे की नावानं हाक मारायचे, हेसुद्धा मी कधी विचारलं नाही, कारण घरात तो विषय निघाला की आई उठून जायची. तिचा एकच फोटो आहे, आईच्या पेटीत, बोटाएवढा. त्यात तिनं मान फिरवलेली आहे.

"आणि मग दर वर्षी?" मी विचारलं.

"दर वर्षी. दगड चोवीसच होते आमच्याकडे. हंगाम संपला की लेबलाचे दगड घासून कोरे करायचे, त्यांच्यावर साबणाची वेष्टनं, सिनेमाची तिकिटं छापायची. पुढच्या हंगामाला लेबल पुन्हा दगडावर काढायचं. बाकी सगळं तो जुन्या लेबलावरून उतरवायचा. तोंड तेवढं नवीन काढायचा. आम्ही वाट बघायचो गं. यंदा केवढी झाली म्हणून."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"छापखान्यात सगळ्यांना. बाहेर लोक म्हणायचे धाकटी आहे, आम्ही म्हणायचो असेल."

त्यांनी माझा कागद घडी घालून परत दिला. "यावर सही नाही करणार मी. त्याच्या कामात चूक होती असं लिहून देऊ? माझा हात झडेल."

घरी जाताना मी दुकानातून वाटाणे घेतले, कारण आईनं सांगितले होते. भाजीवाल्यानं विचारलं, अर्धा की पाव, आणि मी हो म्हटलं.

बाबांच्या आजारपणात मी या घरी राहायला आले ती राहिलेच. त्यांच्या टेबलाला रुंद, उथळ खण होते. वरचे दोन मी आवरले होते. खालचा अडकायचा, म्हणून तसाच राहिला होता. मी त्याला साबण लावून तो ओढला.

तपकिरी कागदांवर पेन्सिलीची चित्रं होती. चौदा. सगळी माझी, निःसंशय माझी, डावीकडच्या भोवऱ्यासकट. ते रविवार मला आठवत होते. हंगाम सुरू व्हायच्या आधी एका रविवारी बाबा मला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवायचे. हातात खरं संत्रं असायचं. दोन तासांत ते हातातल्या हातात कोमट व्हायचं आणि मग मला खायला मिळायचं. बाबा फारसं बोलायचे नाहीत. हलू नकोस म्हणायचे. आणि कधीकधी म्हणायचे, "जरा मोठी झाल्यासारखी बघ." मी भुवया उंचावून मोठ्या बाईसारखं तोंड करायचे आणि ते हसायचे. कागद मात्र दाखवायचे नाहीत. लेबल छापून झालं की बघ, म्हणायचे.

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक आकडा होता. पहिल्यावर नऊ. तेव्हा मी पाच वर्षांची होते. शेवटच्यावर बावीस, आणि मी अठराची.

आणि समासात, त्यांच्या बारीक, सरळ अक्षरांत, दुरुस्त्या.

भांग दुसरीकडे. हनुवटी हिच्यापेक्षा टोकदार. गाल कमी करावेत, एव्हाना उतरले असते. ही हसताना डोळे मिटते, ती मिटत नसे. मान लांब, आईसारखी. तेराच्या कागदावर: उंची किती असेल? त्यापुढे काही नव्हतं. सोळाच्या कागदावर: केस कापले असते की वाढवले असते, तिच्या आईला विचारावे. मग ते वाक्य खोडलेलं.

सगळ्या चौदा कागदांवर एकच ओळ पुन्हा पुन्हा होती: डोळे हिचेच ठेवावेत. सारखे होते.

मी ते कागद वर्षांच्या क्रमानं लावले. शाळेत आम्हाला निबंध परत मिळायचे तसे ते दिसत होते, लाल शाई नव्हती इतकंच. मी नीट बसले होते, दोन-दोन तास, न हलता, आणि दर वर्षी माझ्यात दहा-बारा चुका निघाल्या होत्या.

माझा राग कोणावर होता ते मला कळेना. सात वर्षांच्या मुलीवर रागावता येत नाही. चार महिन्यांपूर्वी गेलेल्या माणसावर रागावता येतं, पण त्याच्या अंगरख्याला अजून त्याचा वास असेपर्यंत ते जमत नाही.

दहाव्या कागदाच्या तळाशी एक ओळ वेगळी होती. ही दमली. आजचे पुरे.

आई पलंगावर बसून वाटाणे सोलत होती. तिला पंच्याऐंशी झाली, पण वाटाणे कोणाला सोलू देत नाही. आमच्या हातून निम्मे सालांत जातात म्हणते. माझ्या लहानपणी स्वयंपाकघरात कांदे-बटाटे ठेवायला संत्र्याची रिकामी पेटी असायची. आई ती नेहमी लेबल भिंतीकडे करून ठेवायची. मी फिरवली की पुन्हा फिरवायची. स्वतःचं कौतुक बघत बसू नये म्हणून, असं मला वाटायचं. शाळेत मी तसं अभिमानानं सांगितलंही होतं.

मी पिशवीतली चौदा लेबलं आणून चादरीवर मांडली.

तिनं वाटाण्यांचं ताट बाजूला सारलं. हात पदराला पुसले. पहिलं लेबल उचललं आणि डोळ्यांपासून लांब धरलं.

"ही बरोबर आहे," ती म्हणाली.

दुसरं, तिसरं बघितलं. तिसऱ्यावर बोट ठेवलं. "इथपर्यंत बरोबर आहे. पुढे चुकले ते."

"काय चुकलं?"

"एवढी बारीक राहिली नसती ती. खायची."

शेवटचं लेबल तिनं मांडीवर घेतलं. खूप वेळ बघितलं. ती बाई तिच्याकडे बघत होती, हातात संत्रं धरून.

"ही केवढी?"

"बावीस."

"बावीस," आई म्हणाली. "माझ्याशी भांडत असती."

"तुला माहीत होतं?"

"मग पेटी काय भूत येऊन फिरवायचं?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तू किती खूश असायचीस. शाळेतून यायचीस, आज अमक्यानं असं म्हटलं, तमकीनं तसं म्हटलं. हे म्हणाले, राहू दे, दोघींचं मिळून आहे असं समजू. मी म्हटलं, तुम्ही समजा. मी बघणार नाही." तिनं नाक पुसलं. "एका घरात राहून पन्नास-साठ वर्षं नाही बघितलं. काही सोपं नसतं ते."

मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तरी विचारलंच. "आई, मी चौदा वर्षं त्या स्टुलावर बसले. माझं एकही चित्र नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले असावे तसं.

"तुझं कशाला काढायचं? तू होतीस की."

मग तिनं ताट पुढे ओढलं आणि शेंग फोडली. मी आत जाऊन पाणी प्याले. नळ चालूच ठेवला होता वाटतं, तिनं ओरडून सांगितलं.

शुक्रवारी बाई माझ्या आधी येऊन बसल्या होत्या. त्यांनी ऑफिसची काच पुसून घेतली होती आणि टेबलावर नवं पेन ठेवलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. काका काय म्हणाले ते, खणातले कागद, आकडे. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही, हे मी त्यांच्या बाबतीत प्रथमच बघितलं. सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"वाईट झालं," त्या म्हणाल्या. "फार वाईट झालं गं." मग चष्मा पुन्हा लावत, "पण आता काय करायचं?"

"नववं पान बदलायचं."

"पान बदललं की पाचवं कलम गेलं. मूळ मुलगी हयात नाही म्हटल्यावर त्यांना सगळं पुन्हा विचारावं लागेल. महिना संपायला चार दिवस आहेत. ते हो म्हणतील, नाही म्हणतील, कोण सांगणार? आणि इकडे नगरपालिका बुलडोझर घेऊन उभीच आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "तू काही खोटं बोलत नाहीस. डोळे तुझेच आहेत ना? तुझ्या वडिलांनीच लिहून ठेवलंय. मग तू आहेसच की त्यात."

हे मी स्वतःशी पुष्कळदा म्हणून झालं होतं. तीन दिवस दुसरं काही म्हटलं नव्हतं. मला ती मुलगी राहायचं होतं. या वयात, आरशात बघायचं सोडून दिल्यावर, कोणी तरी रस्त्यात थांबवून 'लेबलवाली' म्हणतं, तेवढंच माझ्याकडे होतं. ते सोडून द्यायची मला अजिबात इच्छा नव्हती. शेड वाचवण्यासाठी खोटं बोलले असं म्हणायची सोयही आयती होती. कोणाला कळणार होतं? काका शहाऐंशीचे, आई पंच्याऐंशीची.

मी काचेतून बाहेर बघितलं. टेबलाच्या टोकाला, जिथं पेट्यांना खळ लावून लेबलं चिकटवायचे, तिथं लाकडावर खळीचे थर अजून होते, पिवळट, कडक. चौदा हंगाम तिचं तोंड तिथून बाहेर गेलं होतं, गाडीभर पेट्या, ज्यांना ती कोण हे ठाऊक नव्हतं अशा घरांत, अशा बंदरांवर. बाबा स्वतः पंचवीस मैलांच्या पुढे कधी गेले नाहीत. दर वर्षी तिला मोठी करून त्यांनी पाठवलं. मग पुठ्ठ्याचे खोके आले, लेबलं बंद झाली आणि बावीस वर्षांच्या पुढे तिला नेता आलं नाही. तो शेवटचा हंगाम मला आठवतो. स्टुलावर बसायची मला तेव्हा लाज वाटायची, कॉलेजात जायचं असायचं, मी सारखी घड्याळाकडे बघत होते. बाबांनी त्या दिवशी चार तास घेतले. मी कुरकुरले होते. त्यांनी एकदाच म्हटलं, "थोडं थांब, हे शेवटचं." मला वाटलं, चित्र.

आता डब्याच्या झाकणात माझा फोटो लागला असता, माझ्या नावासकट. त्यांनी चौदा वर्षं वाढवलेली मुलगी एका सहीत पुसली गेली असती. दगड घासायला निदान पूर्ण दिवस लागायचा.

मी नवं पेन घेतलं. नवव्या पानावरचा 'स्वतः' हा शब्द एका रेघेनं खोडला आणि वर लिहिलं: धाकटी बहीण. चित्रातील व्यक्ती, याच्यापुढचं माझं नाव खोडलं. तिथं मात्र हात थांबला.

"बाई, आणखी एक अट लिहा. छापायची तर चौदाही, ओळीनं. एखादंच गोड दिसतं म्हणून निवडून घ्यायचं नाही. आणि भांगाला कोणी हात लावायचा नाही."

"आणि ते पेन्सिलीचे कागद? ते दिलेस तर लोक वेडे होतील बघ, करारात घालता येतील—"

"ते नाहीत."

"अगं, पण तोही वारसा—"

"ते माझे आहेत."

बाईंनी वर छपराकडे बघितलं. कबुतर कुठंतरी फडफडलं. मला वाटलं आता रागावतील, आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्यांनी नुसता श्वास सोडला.

"फोन करते मी त्यांना. बघू काय म्हणतात. नाहीच म्हणाले तर नगरपालिकेच्या दारात जाऊन बसेन, पस्तीस वर्षांत त्यातल्या निम्म्यांना अंगठे धरून उभं केलंय." त्यांनी करारनामा स्वतःकडे ओढला आणि खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं. "हे रिकामं ठेवून चालणार नाही. तुझ्या हातानं लिहितेस?"

मला लिहिता येईना. ते नाव मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. पहिल्या अक्षराला काना द्यायचा की नाही याची मला खात्री नव्हती, आणि घरी फोन करून आईला विचारायचा धीर नव्हता.

"बरं, मी लिहिते," बाई म्हणाल्या. "तू सांग. काय नाव?"

मी सांगितलं. बंद खोलीत, परक्या माणसासमोर, मोठ्यानं. माझ्या तोंडून ते कसं ऐकू येतं ते मला ठाऊक नव्हतं.

बाईंनी पेन टेकवलं आणि मान वर केली.

"नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.